रंग उतरवण्याआधी

चि. निनाद यास,


‘मावशी, ॲसिटोन चालेल का?’ हा काय प्रश्न झाला! चार फोटो, खाली हे एवढंसं वाक्य, आणि वर हसरा चेहरा. फोनच करणार होते, पण फोनवर तू ‘हो, हो’ करतोस आणि शेवटी मनातलंच करतोस. म्हणून लिहितेय. पत्र वाचून होईपर्यंत बाटलीचं बूच उघडायचं नाही.

आधी कौतुक करते, कारण पुढे ते जमेल असं वाटत नाही. शनिवारच्या त्या जुन्या बाजारात शंभर वस्तूंमधून तू हे नेमकं उचललंस, आणि हे सैनिकाचं नव्हे, नागरी हवाई संरक्षणाचं हेल्मेट आहे हे ओळखलंस. वरचा घुमट वेगळा, पुढची कड वेगळी, मानेमागची वेगळी, आणि जोडावरून फिरणारी ती उठावाची वळी. म्हणजे तीन तुकड्यांचं. संग्राहक याला ‘ग्लॅडिएटर’ म्हणतात, १९३८ च्या सुमारास ही निघाली. पुढे दोन तुकड्यांची आणि अखंड एकसंध पत्र्याचीही निघाली. श्वेर्ड नावाच्या जर्मन अभियंत्यानं खंदकातल्या शिपायासाठी जे १९१६ चं हेल्मेट आखलं, त्याचा हा स्वस्तातला भाऊबंद. पोलाद हलकं, कारण गोळी अडवणं हे याचं कामच नव्हतं. कौलं, विटा, काचा आणि स्वतःच्याच विमानविरोधी तोफांच्या गोळ्यांचे वरून पडणारे तुकडे डोक्यात जाऊ नयेत, एवढीच अपेक्षा. आतल्या शिक्क्याचा फोटो तू हलवलास, तरी कलम आठचा उल्लेख वाचता येतोय. १९३५ च्या हवाई संरक्षण कायद्यातलं ते कलम. त्याखाली मंजूर झालेला मालच विकता येई, म्हणून हा छाप. बनावट मालावरसुद्धा हा छाप मारतात, तेव्हा एवढ्यावर भुलू नकोस. आतल्या चामड्याचा, दोरीचा आणि रिव्हेटांचा फोटो पाठव. नुसती बाहेरची बाजू पाहून मी काहीच सांगणार नाही. जर्मन हेल्मेटच्या प्रतिकृती तर आपल्या भारतातही बनतात आणि परदेशी जातात. तू हॅम्बुर्गात युरो मोजून आपल्याच एखाद्या कारागिराचं काम घेतलं नाहीस ना, हे एकदा पाहू दे.

आता तुला उतरवायचाय त्या वरच्या पांढऱ्या रंगाकडे येते.

तुझं म्हणणं, खाली मूळ गडद निळा रंग शाबूत दिसतोय, तेव्हा कपाळावरचं पंख आणि स्वस्तिकाचं चिन्हही शाबूत असणार. पांढरा थर काढला की हेल्मेट ‘पूर्ण’ होईल. कुणाच्या हिशेबानं पूर्ण? बाजाराच्या. चिन्ह असलेल्याची किंमत बिनचिन्हाच्यापेक्षा चढी असते हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त खोटेपणा त्या चिन्हातच होतो हेही ठाऊक आहे. तरी व्यवहाराचंच बोलायचं तर ऐक. ते चिन्ह म्हणजे लाखेच्या थरावरची पातळ छपाई. ॲसिटोननं पांढरा रंग सुटेल तेव्हा चिन्हही सुटेल, आणि तुझ्या हातात निळसर चिखल भरलेला कापूस राहील. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली सुरीच्या टोकानं थर उचलतात, तेही प्रत्येक वेळी साधत नाही. तू स्वयंपाकघराच्या ओट्यावर करणार!

पण समज, उद्या एखादं जादूचं द्रावण निघालं, तरी माझं उत्तर नाहीच.

तो पांढरा रंग कारखान्यातला नाही. ब्रशनं लावलाय, घाईत लावलाय, डाव्या कानाजवळ ब्रशचा एक केस अजून चिकटलेला आहे. ३ मे १९४५ ला हॅम्बुर्गनं ब्रिटिशांपुढे शस्त्रं ठेवली. त्यानंतर अशा हेल्मेटचं काय काय झालं, ठाऊक आहे का? कुणी चिन्ह खरवडलं, कुणी त्यावर रंग फासला. कुणी तळाला भोकं पाडून बटाटे निथळायची चाळण केली, कुणी दांडा बसवून शेतातलं सांडपाणी उपसायचं ओगराळं केलं. अशा चाळणी जर्मनीतल्या संग्रहालयांत मांडून ठेवल्यात, मुद्दाम जाऊन बघ. नॉर्वेत तर उरलेली जर्मन हेल्मेटं रंग बदलून तिथल्या नागरी संरक्षण दलानंच वापरली. तुझ्या हेल्मेटवरचा पांढरा हात कुणाचा? अग्निशामक दलाचा, की ज्याला ते चिन्ह घरात नको झालं होतं त्याचा, की काल रात्रीपर्यंत मिरवलेलं आज लपवायचं होतं त्याचा? मला माहीत नाही, तुलाही नाही. पण कुणीतरी काहीतरी ठरवून तो ब्रश उचलला. त्या माणसाचं तेवढंच अक्षर शिल्लक आहे, आणि ते तू पुसायला निघालास.

तू म्हणशील, मावशी पुन्हा सुरू झाली. झाले! सबंध नोकरी याच भांडणात गेली. अधिकारी यायचे, म्हणायचे ‘बाई, मूर्ती जरा चकचकीत करून द्या, उद्घाटन आहे.’ गावच्या मारुतीचं शेंदराचं कवच गळलं की आत जुनी सुबक मूर्ती निघते आणि लोक हरखतात, ते ठीक आहे. पण कवच आपलं आपण गळतं, छिन्नी लावून कुणी काढत नाही. आणि त्या शेंदराच्या थरांत पिढ्यान्पिढ्यांचे नवस असतात, ते गोळा करून कुणी ठेवतं का? घासणं, उजळवणं, ‘मूळ स्वरूपात आणणं’ ही आपल्या काळाला जडलेली खोड आहे. वाडे घासतात, तोफा काळ्या ऑइलपेंटनं रंगवतात, नाणी चिंचेच्या कोळात बुडवतात. मूळ म्हणजे कारखान्यातून निघाली ती घटका, असं कुणी ठरवलं? त्यानंतर वस्तूचं आयुष्यच नाही?

आबांच्या हेल्मेटचं तुझ्या आईनं काय केलं ते तुला ठाऊक आहे, पुन्हा सांगत नाही. मुंबईत १९४२ साली काळे कागद लावलेल्या खिडक्यांखालून आबा ‘ए.आर.पी.’ म्हणजे हवाई हल्ला बचाव दलातर्फे गिरगावात फेऱ्या मारायचे. १९४४ च्या एप्रिलात गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उडालं तेव्हा धावले. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या आगीत गेले, म्हणून १४ एप्रिल आला की आबा अजून गप्प व्हायचे. त्यांचं ते थाळीसारखं ब्रिटिश हेल्मेट पुढे माडीवर कोळसे भरायला होतं. त्यावरचा कोळशाचा काळा थर मला आजही हवा आहे. ‘ए.आर.पी.’ ही अक्षरं घासून काढलेली नकोत. असो.

आता जे लिहिणार आहे ते जरा नीट वाच.

तू ज्या बाजारात हे घेतलंस, त्याच्या जवळच विमानविरोधी तोफांचा तो राक्षसी काँक्रीटचा बुरूज उभा आहे, हायलिगेनगाइस्टफेल्डचा. हल्ली त्याच्या माथ्यावर झाडं लावलीत, हॉटेल केलंय, तू तिथून फोटोही टाकला होतास. १९४२ साली तो बांधून घेतला वेठीच्या मजुरांकडून. आत आसऱ्याला शिरायची वेळ आली की त्यांनाच मज्जाव. ज्यूंना हवाई आश्रयस्थानांत वेगळं बसवलं जाई किंवा घेतलंच जात नसे. तुझ्या हेल्मेटखालचं ‘संरक्षण’ हे असं माणसं निवडून केलेलं होतं.

आणि तरीही ते हेल्मेट घालणारा प्रत्येक जण राक्षस होता असंही मी म्हणणार नाही. पुरुष आघाडीवर गेले, तसे बायका, म्हातारे आणि पोरं हेच घरोघरचे राखणदार झाले. पोटमाळे रिकामे करायचे, वाळूच्या बादल्या भरून ठेवायच्या, हातपंप चालवायचा, काठीला फडकं बांधून ठिणग्या झोडपायच्या. वरून आधी मोठे स्फोटक बाँब येत, छपरं आणि खिडक्या उडवायला, मग त्या उघड्या घरांत हजारोंनी आगलावे बाँब. काहींत स्फोटक ठेवलेलं, विझवायला येणारा जवळ यायला घाबरावा म्हणून. २७-२८ जुलै १९४३ च्या रात्री हामरब्रोक, हाम, रोटेनबुर्ग्सॉर्ट या भागात आगीचं वादळ उठलं. हाम म्हणजे तू राहतोस तेच ना? त्या हल्ल्यांत निदान ३४,००० माणसं गेली. कित्येक तळघरांत बसल्याजागी, अंगावर ओरखडाही नसताना, कार्बन मोनॉक्साइडनं. ‘तळघरात थांबा’ हे शिकवायला हेल्मेट घातलेला राखणदार होताच. पुढे हामरब्रोकला भिंत घातली आणि आतली प्रेतं काढायला नॉयेनगामे छळछावणीतले कैदी लावले. पत्र्याचा तुकडा म्हणून हेल्मेट हातात घेतोस तेव्हा एवढं सगळं हातात येतं. ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत त्या मृतांची सामूहिक कबर आहे, क्रुसाच्या आकाराची, मधे गेर्हार्ड मार्क्सचं शिल्प. गेलास का कधी? हेल्मेटासाठी पहाटे पाचला उठतोस, तिथे अर्धा दिवस जा.

आता खरं विचारते. तिसऱ्या फोटोत मागच्या कपाटावर आणखी दोन हेल्मेटं आहेत, दोन्हींची दर्शनी बाजू बाहेर, चिन्हं ठळक. म्हणजे हे तिसरं, माझ्या गणितात काही चुकत नसेल तर. तुला वस्तू आवडते की ते चिन्ह? नाराज होऊ नकोस. मी संग्राहक पुष्कळ पाहिलेत. इतिहासाच्या वेडानं सुरू होतं आणि ‘अस्सल’च्या वेडात कधी जातं, त्यांना कळतही नाही. अस्सल म्हणजे काय, तर चिन्ह शाबूत. मग हळूहळू चिन्हापलीकडचं काही दिसेनासं होतं. तुझी आई व्हिडिओवर बघून म्हणाली, ‘अगं बाई, स्वस्तिक आहे, छान!’ तिला मी समजावलं. तुला समजवायला लागू नये. दारावर लावू नकोस, खिडकीत ठेवू नकोस, आणि मोबाईलवर चारचौघांत त्याचे फोटो फिरवणं आजपासून बंद. तिथल्या दंडसंहितेचं कलम ८६ अ वाच. घरात बाळगणं गुन्हा नाही, पण उघड मिरवणं किंवा प्रसार करणं दंडापासून तीन वर्षांच्या कैदेपर्यंत नेऊ शकतं. बाजारातले विक्रेते त्या जागी चिकटपट्टी लावतात ती उगाच नाही. तू परदेशी, व्हिसावर राहणारा. एखाद्या शेजाऱ्यानं पाहिलं, काही विचारलं, तर ‘आमच्याकडे हे शुभ असतं’ हे तुझं उत्तर तिथे कुणी ऐकून घेणार नाही, आणि या हेल्मेटच्या बाबतीत ते खरंही नाही.

सांभाळायचं कसं, ते आता थोडक्यात. हातमोजे घाल, जुन्या रंगात शिसं असू शकतं. मऊ ब्रशनं धूळ झटक. तारेचा ब्रश नको, तेल नको, चामड्याला क्रीम तर बिलकूल नको, त्यानं ते काळं पडून कुजेल. गंज पसरत नसेल तर राहू दे. न्हाणीघराशेजारच्या भिंतीला ठेवलंयस ते आजच हलव. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाक.

आणि गॅस मास्क? चौथ्या फोटोत डब्यासारखं काहीतरी दिसतंय. घेतलास का? घेतला असशील तर तोंडाला लावून फोटो काढला नाहीस ना? त्या काळच्या कित्येक मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असे. लावला असशील तर तसं सरळ सांग, ओरडणार नाही. डबा उघडू नकोस, हलवू नकोस, पिशवीत घट्ट बांध आणि तिथल्या नगरपालिकेला विचार की कुठे द्यायचा.

तुझी आई म्हणते तू रात्री दोन-दोनपर्यंत लिलाव बघत बसतोस, सकाळी न खाता ऑफिसला जातोस, आणि गेल्या महिन्यात पैसे पाठवायला उशीर झाला. पैशाचं तिला काही नाही, पण तू सांगत नाहीस याची काळजी वाटते. जेवायला सोबत कुणी आहे का तुला? त्या मराठी मंडळातल्या मुलांकडे गणपतीला गेला होतास, नंतर गेलासच नाहीस. हेल्मेटं घरात बोलत नाहीत रे.

किती पैसे गेले ते आकड्यात कळव, ‘जास्त नाही’ असं नको. चामड्याच्या आतल्या बाजूचे फोटो दिवसाउजेडी काढ, फ्लॅश बंद ठेव. आणि मास्कचं उत्तर आधी पाठव, बाकी सगळं नंतर.

तुझी,
मावशी