ओळखीची वाट, नव्याने पाहा

भाद्रपद लागला, पावसाचा जोर ओसरला, की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न दरवर्षी येतो. "आता डोंगरावर जायला हरकत नाही ना?" विचारणारे बहुधा साठी-सत्तरीतले असतात. कोणाला पायी जोतिबाला जाऊन यायचे असते. कोणाला पन्हाळ्यावरून उतरून मसाई पठारावरची फुले पाहायची असतात. कोणाला दाजीपूरचे अभयारण्य पावसाळ्यानंतर कधी खुले होते याची घाई झालेली असते. त्यांच्या खुर्चीमागे मुलगा, मुलगी किंवा सून उभी असते आणि रुग्णाच्या डोक्यावरून मला हातानेच खूण करते : 'नाही म्हणा.'

वाचकहो, आजचा लेख ज्याला जायचे आहे त्याच्यासाठी आहे, तसाच खूण करणाऱ्यासाठीही आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी कोल्हापुरात वैद्यकीय व्यवसाय करते. सरसकट 'नाही' म्हणणे डॉक्टरला फार सोपे असते. परंतु ज्याचा डोंगर सुटतो त्याचे पुढे पुढे चालणेही सुटत जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पावसाळ्यानंतरच्या निसरड्या उतारावर पडून खुब्याचे हाड मोडलेले रुग्णही मी पाहिले आहेत. म्हणून मी उलट तीन प्रश्न विचारते : कोणती वाट, कोणते पाय आणि कोणता दिवस?

वाट पूर्वीची राहिलेली नसते

जुलै २०२१ आठवून पाहा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५६ फुटांच्या आसपास पोहोचले. शहरात आपण सारे पाण्याकडे डोळे लावून बसलो होतो आणि त्याच दिवसांत डोंगर खचत होते. पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची ये-जा थांबली. रायगड जिल्ह्यातील तळिये गावावर २२ जुलैला दरड कोसळली ती याच पावसात. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि नंतर १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी या गावांवर ओढवलेले प्रसंग आपण विसरलेलो नाही.

आपल्या भागातील पठारांवर जांभा दगड आहे. तो वरून टणक दिसतो, पण त्याला असंख्य छिद्रे असतात. पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते आणि खालच्या मऊ, चिकणमातीच्या थरावर साचते. तो थर फुगतो, बुळबुळीत होतो आणि वरचे ओझे पेलेनासा होतो. हे घडायला वेळ लागतो. म्हणूनच पाऊस थांबून ऊन पडल्यावरही कडा ढासळू शकतो. 'आज तर चांगले ऊन आहे' हा दिलासा डोंगरात अपुरा असतो.

रस्ता खचला की फलक लागतो, बातमी येते. पायवाट खचली तर कोणी सांगायला येत नाही. ओढ्यावरचे ओळखीचे दगड वाहून गेलेले असतात. वळणावर ज्या झाडाला धरून आपण उतरत असू, त्याची मुळे उघडी पडलेली असतात. वळिवाच्या वाऱ्याने मोडलेल्या फांद्या जमिनीवर न पडता वरच अडकून राहतात आणि पुढे कधीतरी खाली येतात. जांभ्यावर शेवाळाचा पातळ थर धरतो. तो ओला असताना तर घसरवतोच, पण अर्धवट सुकल्यावर दिसतही नाही आणि मग अधिक दगा देतो.

गडावरची माणसे आणि हौसेने जाणारी माणसे

रस्ता बंद झाल्यावर हौसेने जाणाऱ्याला घरी बसता येते. गडावर किंवा वाडीवर राहणाऱ्याला ती मुभा नसते. पन्हाळ्याचा रस्ता खचला त्या काळात तिथल्या माझ्या एका रुग्ण आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. नातू पायी खाली उतरून औषधे घेऊन गेला, पण त्याला ते जमेपर्यंत पाच दिवस गेले होते. आजींना डोकेदुखी आणि चक्कर सुरू झाली होती. सुदैवाने त्याहून अधिक काही झाले नाही.

डोंगरी गावात ज्यांचे आईवडील राहतात, त्यांनी एवढे नक्की करावे. मे महिना संपण्यापूर्वी रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आणि दमा यांची निदान महिन्याभराची औषधे घरात आणून ठेवावीत. इन्सुलिन लागत असेल तर वीज गेल्यावर ते कसे थंड ठेवायचे, हे आधीच ठरवावे. ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवण्याचा उपाय बऱ्याच घरांत चालतो. औषधांची नावे मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद भिंतीवर असावा, म्हणजे शेजारचा मुलगाही ती आणू शकेल.

पायही पूर्वीचे राहिलेले नसतात

माझ्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक आहेत. वय एक्काहत्तर. घरी-दारी सारे त्यांना आबा म्हणतात. चाळीस वर्षे ते मसाई पठारावर जात आले. एका पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, आठ दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि घरी आल्यावरही दोन आठवडे ते अंथरुणातच होते. भाद्रपदात ते मुलाला घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, तुम्हीच सांगा आबांना. आमचं ऐकत नाहीत," मुलगा म्हणाला.

आबा हसले. "डॉक्टर, डोळं बांधून सोडा मला तिथं. घरी येऊन दाखवतो."

त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. वाट त्यांना तोंडपाठ होती. पण तोंडपाठ असलेल्या वाटेवर आपण खाली पाहतच नाही. पाऊल आठवणीच्या भरवशावर पडते. पाऊस वाट बदलतो, तसे आजारपण पाय बदलते. उतारवयात दोन-तीन आठवडे अंथरुणात गेले तरी मांडीचे स्नायू लक्षणीय प्रमाणात क्षीण होतात. वजन काट्यावर फारसा फरक दिसत नाही, सपाट जमिनीवर चालताना काही जाणवत नाही. जाणवते ते उतारावर. चढताना दम लागतो, म्हणून माणूस थांबतो. उतरताना दम लागत नाही, पण प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूंना शरीराचा भार आवरून धरावा लागतो. ते थकले की गुडघा अचानक लटपटतो, आणि तो लटपटतो तेव्हा पायाखाली बहुधा सुटी माती असते.

मी आबांना हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला सांगितले. तिसऱ्या वेळी त्यांचा हात आपोआप खुर्चीच्या दांडीकडे गेला. ते क्षणभर गप्प राहिले. मला काही सांगावे लागले नाही.

आम्ही सहा आठवड्यांचा कार्यक्रम ठरवला. रोज सकाळी रंकाळ्याकाठी चालणे, दिवसातून दोनदा खुर्चीवरून उठ-बस, कठड्याला धरून जिना सावकाश उतरणे, आणि जेवणात डाळी, दूध, अंडी यांचे प्रमाण वाढवणे. नोव्हेंबरात ते मुलासह निघाले. वाटेत एका ओढ्याजवळ पायवाट खचलेली होती. पलीकडे जायला जेमतेम एक पाऊल मावेल एवढी कड उरली होती. मुलगा नंतर मला म्हणाला, "मी काही बोलायच्या आत आबाच मागे फिरले." दोघे परत येऊन गाडीने दुसऱ्या बाजूने पठारावर गेले. फुलांचा हंगाम सरला होता. नुसते वाळलेले सोनेरी गवत होते. आबा तासभर त्या गवतात बसून आले.

निघण्यापूर्वी

मुसळधार पाऊस थांबल्यावर काही दिवस जाऊ द्या आणि मगच निघा. आदल्या दिवशी वाटेवरच्या वाडीतल्या कोणाला तरी विचारा. गुरे घेऊन रोज रानात जाणाऱ्याला जे ठाऊक असते ते कोणत्याही नकाशात नसते. अभयारण्यात वन विभागाने वाट बंद ठेवली असेल तर त्यामागे कारण असते. ओळखीने आत शिरू नका. १६६० मधील शिवरायांच्या पन्हाळा ते विशाळगड प्रवासाच्या स्मरणार्थ जुलैत निघणाऱ्या पावनखिंड मोहिमेला नातवंडे खुशाल जाऊ देत. ऐन पावसातले ते अंतर आपल्या वयाचे नव्हे.

पाच वेळा खुर्चीवरून हात न टेकता उठायला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर आधी पाय सावरा, मग डोंगर. ही चाचणी घरी करताना जवळ कोणीतरी उभे असावे. दूरचे आणि जवळचे दोन्ही दिसणारा चष्मा वापरत असाल, तर उतरताना खालच्या भिंगातून जमीन अस्पष्ट दिसते. मान वाकवून वरच्या भिंगातून पाहण्याची सवय करा किंवा फक्त दूरचा चष्मा लावा. लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास त्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. मधुमेह असल्यास खिशात गूळ किंवा साखर ठेवा. पायांची संवेदना कमी झाली असेल तर निघताना आणि परतल्यावर तळपाय कोणाला तरी तपासायला सांगा, कारण रुतलेला काटा तुम्हाला कळणार नाही.

वाटेवर

हातात काठी असावी आणि तिचे टोक बोथट झालेले नसावे. प्रत्येक उतारावर आधी काठी, मग पाऊल. जमिनीत नव्याने पडलेल्या भेगा, एकाच दिशेला कललेली झाडे, पूर्वी नव्हता तिथे फुटलेला गढूळ झरा, अचानक आटलेला किंवा एकाएकी गढूळ झालेला ओढा ही डोंगर सरकत असल्याची चिन्हे आहेत. यांपैकी एकही दिसले तर तिथे फोटोसाठीही थांबू नका, परत फिरा.

पठारावर वारा फार असतो. ओल्या कपड्यांत बसून राहिल्यास उतारवयात शरीराची ऊब लवकर जाते. माणूस गप्प होतो, अडखळत बोलतो, आणि सोबत्यांना वाटते की तो दमला आहे. कोरडा सदरा आणि कानटोपी पिशवीत असू द्या.

साप चावल्यास चिरा देऊ नका, घट्ट आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला अवयव हलू न देता माणसाला उचलून न्या. १०८ क्रमांकाला फोन करा आणि सर्पविषावरील लस उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. चावल्याची वेळ लक्षात ठेवा.

परतल्यावर

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना जळू लागल्यास रक्त बराच वेळ वाहते. स्वच्छ कापड दाबून धरा. अशा व्यक्तीच्या डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डोक्याच्या आतला रक्तस्राव काही तासांनी किंवा दिवसांनीही लक्षात येऊ शकतो.

साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून चालला असाल आणि पायाला जखम असेल, तर पुढील महिनाभर तापाकडे दुर्लक्ष करू नका. ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, डोळे लाल होणे ही लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे असू शकतात. वेळेत उपचार झाल्यास हा आजार बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंड आणि यकृतावर बेततो. डॉक्टरांना ताप सांगाल तसे 'मी पाण्यातून चाललो होतो' हेही आवर्जून सांगा. या एका वाक्याने निदानातले दोन दिवस वाचतात.

शेवटी खुर्चीमागे उभ्या असणाऱ्यांना एक विनंती. आईवडिलांना अडवण्यासाठी माझी मदत मागू नका. त्यांच्याबरोबर जाण्यासाठी एक रविवार काढा. शक्य तिथे एक पाऊल पुढे राहून वाट पाहा, उतारावर मात्र त्यांच्या खालच्या बाजूला राहा. आणि ते 'आता मागे फिरू' म्हणाले, तर 'एवढे आलोच आहोत तर' असे म्हणू नका. त्यांना तेवढे म्हणता येते, तोवर त्यांना डोंगरावर खुशाल जाऊ द्या.