सोळा आण्यांचं इंग्लिश

'दीड'चं इंग्लिश करून बघा. एवढ्याशा शब्दासाठी 'वन अँड अ हाफ' अशी चार डब्यांची गाडी जोडावी लागते! आमच्या डच क्लायंटकडे मात्र दीडला 'आन्डरहाल्फ' असा एकच शब्द आहे. कॉलवर हे कळलं तेव्हा हा माणूस मला थेट उमरेडचाच वाटला.

मग आमची देवाणघेवाणच सुरू झाली. २००२ मध्ये युरो आला आणि त्यांचं पंचवीस सेंटचं 'क्वार्टये' नाणं गेलं. मी म्हटलं, आमचा आणा तर १९५७ मध्येच हिशेबातून गेला, पंचवीस पैशांचं नाणं २०११ मध्ये बाद झालं, तरी आमचं खरं अजून 'सोळा आणे'च असतं.

गाडी अडली ती 'पैसेवारी'वर. बाबांचा फोन आला होता, "बाबू, एक्कावन लावली आपल्या गावाची. सोयाबीन तर पुरं पिवळं पडलं होतं ना!" माझा चेहरा बघून क्लायंटने विचारलं, काय झालं? "फिफ्टी-वन पैसे," मी म्हणालो. अर्ध्या रुपयाचं एवढं टेन्शन? तो चक्रावलाच.

आता सांगायचं कसं? पूर्ण पीक म्हणजे रुपया. पूर्वी ते आण्यांत मोजायचे, म्हणून आणेवारी. शेतात पीककापणीचे प्रयोग करून गावाचा आकडा काढतात. तो पन्नासच्या खाली आला, तर दुष्काळी परिस्थिती. शेतसाऱ्यात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, हे सगळं वर्षानुवर्षं त्या एका रेषेवर ठरत आलं. २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतला ओलावा असे निकष पुढे आणले. पण पारावर आजही पहिला प्रश्न तोच, "पैसेवारी किती?"

शेवटी 'क्रॉप इंडेक्स' असं लिहून मेल टाकला. त्याला अर्थ कळला. पण एक्कावन आणि एकोणपन्नास यांच्यामधल्या दोन पैशांत धाकटीची फी आणि पंपाचं बिल बसतं, हे त्या दोन शब्दांत कुठे मावणार?

त्या महिन्यात मी घरी थोडे पैसे पाठवले. बाबांनी वहीत माझ्या नावापुढे लिहिलं, 'हातउसने'. 'लोन' म्हटलं की व्याज आलं, ईएमआय आला. हातउसन्यात यातलं काहीच नसतं. फक्त देणाऱ्यापुढे मान खाली जाऊ नये, एवढी सोय असते. यासाठी डचमध्ये काय म्हणतात, ते पुढच्या कॉलवर विचारणार आहे.