दोन भाषांचे एक गाणे: कोल्हापूरची गोष्ट

२००६ साली चॅम्पियन्स करंडकासाठी ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ भारतात आला होता. त्या स्पर्धेच्या दिवसांत संघाचा वेगवान गोलंदाज ब्रेट ली याने एक गाणे लिहिले. ते त्याच्याबरोबर गायले ७३ वर्षांच्या आशा भोसले यांनी. 'यू आर द वन फॉर मी' हे ते युगलगीत. गोलंदाजाचे बहुतेक बोल इंग्रजी, गायिकेचे हिंदी, आणि मधूनच गोलंदाजाच्या तोंडी येणारे ऑस्ट्रेलियन वळणाचे हिंदी. गाणे चांगलेच गाजले. तरुण श्रोत्यांना ते नव्या, सरमिसळीच्या जगाचे अपत्य वाटले.

पण एका चालीत दोन भाषा बसवण्याचा उद्योग आशाबाईंच्या जन्माआधीच पंचगंगेच्या काठी सुरू झाला होता. त्या दुभाषी गाण्यामागचा विचारही आजच्याहून पुष्कळ निराळा होता.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे पाच भागीदार. आरंभी मूकपट निघाले, आणि मूकपटाला भाषेची अडचण नसते. मधल्या पाट्या बदलल्या की काम भागते. १९३१ च्या मार्चमध्ये 'आलम आरा' बोलू लागला आणि सगळे गणित फिरले. बोलपटाचा खर्च मोठा, ध्वनिमुद्रणाची यंत्रे महाग, आणि मराठी समजणारा प्रेक्षक एका प्रांतापुरता. केवळ मराठीवर हा डोलारा उभा राहणे कठीण होते. केवळ हिंदीत चित्रपट काढावा, तर घरचा प्रेक्षक दुरावतो. प्रभातने दोन्ही केले. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि 'अयोध्या का राजा' हिंदीत, असे एकाच कथेचे दोन चित्रपट कोल्हापुरात तयार झाले. मराठीतला पहिला बोलपट तो हाच.

आजच्या वाचकाला येथे 'डबिंग' आठवेल, पण तशी सोय तेव्हा नव्हती. पार्श्वगायनही नव्हते, भारतात ते १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आणले. १९३२ मध्ये जो कॅमेऱ्यासमोर दिसे तोच गाई, आणि तेही चित्रण चालू असतानाच. वादक चौकटीच्या बाहेर, पडद्यावर दिसणार नाहीत असे बसवलेले, ध्वनिग्राहक आडोशाला. गायक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. असे एक गाणे मराठीत पदरात पडले की तीच वेशभूषा आणि तोच अभिनय घेऊन ते हिंदीत पुन्हा गायचे. राजा हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. दोघांनीही आपापली गाणी दोन्ही भाषांत स्वतःच गायली.

संगीतही टेंब्यांचेच. कोल्हापूरचे टेंबे म्हणजे 'मानापमान'च्या चाली देणारे, गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक आणि पेटीवर विलक्षण हात असलेले गृहस्थ. त्यांच्यापुढचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो: चाल एक, शब्द दोन तऱ्हेचे. पण गाणाऱ्याला विचारावे. मराठीत 'च' आणि 'ज' दोन-दोन प्रकारे उच्चारले जातात. 'चमचा'तला 'च' आणि 'चंद्र'मधला 'च' वेगळा. हिंदीत हा भेद नाही. उलट हिंदुस्तानीतला नुक्त्याचा 'ज़' आणि घशातून येणारा 'ख़' मराठी जिभेला उपरे. मराठीतला 'ळ' प्रमाण हिंदीत मुळी नाहीच. शब्दाचा भार कुठे पडतो, तान कोणत्या स्वरावर मोकळी सोडता येते, हे सारे भाषेबरोबर बदलते. मराठी पदात 'आ'कारावर विसावणारी जागा हिंदी ओळीत 'ई'वर आली की गळ्याची ठेवणच बदलावी लागते. एका चालीचे हे दोन संसार टेंब्यांना सांभाळायचे होते.

कोल्हापूरला ते जमले यामागे एक जुने कारण आहे. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई होता. दरबारात ब्रज भाषेतल्या बंदिशी ऐकायच्या आणि नाटकाच्या तंबूत मराठी पदे, अशी दुहेरी सवय या गावाच्या कानाला सिनेमाच्या आधीच लागलेली होती. मराठी नाटकांतील कित्येक पदांच्या चाली तर अशा बंदिशींवरूनच बांधलेल्या. म्हणजे शब्द बदलून चाल राखण्याची कला तेथे दोन पिढ्या मुरलेली. बोलपटाने तिला यंत्र जोडले, एवढेच.

प्रभात १९३३ साली पुण्याला गेली, तरी कोल्हापूरचा हा उद्योग थांबला नाही. मूळचे कोल्हापूरचेच मास्टर विनायक यांनी बाबूराव पेंढारकर व पांडुरंग नाईक यांच्यासह १९३६ मध्ये हंस पिक्चर्स काढली. १९३८ चा 'ब्रह्मचारी' पुन्हा मराठी आणि हिंदी अशा दोन्ही रूपांत निघाला. दुसरीकडे पुण्याच्या प्रभातने १९३९ च्या 'माणूस'मध्ये आणखी निराळाच प्रयोग केला. 'कशाला उद्याची बात' या गाण्यात एकामागून एक वेगवेगळ्या प्रांतांच्या भाषा येतात. संगीत मास्टर कृष्णरावांचे, गाणाऱ्या शांता हुबळीकर, मूळच्या कन्नडभाषक मुलखातल्या. चित्रपटातली मैना मुंबईच्या वस्तीत गाते, आणि त्या वस्तीत जितक्या भाषांची माणसे येतात तितक्या भाषा तिच्या तोंडी येतात. भाषांची ती सरमिसळ कथेनेच मागितलेली होती.

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर वारले. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता तेराव्या वर्षात. मदतीला आले मास्टर विनायक. त्यांच्या नव्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये लताबाईंना नोकरी मिळाली आणि मंगेशकरांचे बिऱ्हाड कोल्हापूरला आले. याच कंपनीच्या 'माझं बाळ' या १९४३ च्या चित्रपटात धाकट्या आशाचा आवाज पहिल्यांदा चित्रपटात उमटला. संगीतकार दत्ता डावजेकर. वय जेमतेम दहा. योगायोग असा की त्या चित्रपटाच्या नावातच 'ळ' आहे, हिंदीत न जाणारे अक्षर.

ज्या मुलीने पुढे वीसहून अधिक भाषांत गायचे होते, तिची सुरुवात पोटापाण्यासाठी झाली. हौसेला त्या घरात तेव्हा जागा नव्हती. कोल्हापूरच्या स्टुडिओंनी दुसरी भाषा धरली तीही पोटासाठीच. या व्यवहाराला कमी लेखण्याचे कारण नाही. उलट पोटाचा प्रश्न होता म्हणूनच उच्चारात ढिलाई परवडत नव्हती. १९४५ मध्ये कंपनीबरोबर कुटुंब मुंबईला गेल्यावर हे अधिकच जाणवले. दिलीपकुमारांनी लताबाईंच्या मराठी वळणाच्या उच्चारांविषयी शंका बोलून दाखवली, तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी उर्दूची शिकवणी लावली. आशाबाईंनीही तीच वाट चोखाळली. १९८१ च्या 'उमराव जान'मधील लखनवी गझलेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सांगली-कोल्हापूरच्या पाण्यावर वाढलेल्या या गळ्याला.

पश्चिमेकडे दोन भाषांतली युगलगीते गाजू लागली ती त्याच सुमारास. १९८७ चे 'बार्सिलोना' हे त्यांतले ठळक उदाहरण. फ्रेडी मर्क्युरी आणि ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाये यांनी ते इंग्रजी व स्पॅनिशमध्ये गायले, आणि १९९२ च्या ऑलिंपिकच्या वेळी पुन्हा प्रकाशित झाल्यावर ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. (हा फ्रेडी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. पाचगणीहून कोल्हापूर काही फार दूर नाही, असो.)

आशाबाई या प्रवाहात आल्या तोवर त्यांचे नाव पुढे पोहोचले होते. १९९८ च्या फेब्रुवारीत कॉर्नरशॉप या ब्रिटिश चमूचे 'ब्रिमफुल ऑफ आशा' तिथल्या यादीत पहिले आले. गाणे त्यांच्यावर, पण त्यात त्यांचा आवाज नाही. त्यानंतर 'वन जायंट लीप' या प्रकल्पात मायकेल स्टाइप या अमेरिकी गायकाबरोबर 'द वे यू ड्रीम' आले. त्या प्रकल्पाचे दोघे कर्ते देशोदेशी हिंडत आणि प्रत्येक कलाकाराला त्याच्या ठिकाणी ध्वनिमुद्रित करून एकावर एक थर चढवत. कोल्हापुरात एकच गळा एका जागी दोनदा गात असे. येथे दुरदुरून गोळा केलेले गळे यंत्रात जोडले गेले.

फरक तंत्राहून खोल आहे. 'अयोध्येचा राजा' दोनदा गायला गेला, कारण साताऱ्याच्या आणि लाहोरच्या प्रेक्षकाला प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे, असे निर्मात्यांनी धरले होते. नव्या जागतिक युगलगीतात अशी सक्ती नाही. अर्थ इंग्रजी ओळींनी वाहायचा, आणि दुसऱ्या भाषेने सुगंधासारखे दरवळत राहायचे. लंडनच्या श्रोत्याला आशाबाईंच्या आलापामागचे शब्द उमगले नाहीत तरी त्याचे काही अडत नाही. गायिकेसाठी हा सौदा किती न्याय्य? सात दशके 'ळ' आणि 'ज़' यांच्यातले अंतर कापणाऱ्या जिभेचे कसब जिथे कोणी तपासतच नाही, तिथे ते वाया जाते, असे म्हणावेसे वाटते. ब्रेट लीबरोबरचे गाणे, हलकेफुलके असूनही, या बाबतीत अधिक प्रामाणिक ठरते. त्यात निदान पाहुणाच दुसरी भाषा तोंडात घोळवून पाहतो.

२०११ साली गिनेस बुकाने आशा भोसले यांच्या नावे सर्वाधिक ध्वनिमुद्रणांचा विक्रम नोंदवला: ११,००० पर्यंत गाणी, २० हून अधिक भारतीय भाषा. ही मोजणी १९४७ पासूनची आहे. कोल्हापूरच्या बिऱ्हाडात राहत असताना गायलेले १९४३ चे पहिले मराठी गाणे तीत धरलेले नाही.