जातं गातंय

दुसरीच्या वर्गात परवा जात्याचं चित्र निघालं. खरं जातं पोरांनी पाहिलंच नव्हतं. एकीच्या आजीच्या पडवीत ते होतं. शनिवारी तिथे गेलो. आजी ओवी म्हणत दळत होत्या, पोरांनी मोबाइलवर ती टिपली. आज तिचा क्यूआर कोड चित्राखाली चिकटवला.

ही युक्ती माझी नव्हे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

कोड स्कॅन केला. घरघर सुरू झाली. वर्ग चिडीचूप. एकजण हळूच म्हणाला, “बाई, जातं गातंय!”

मोबाइल रोजचाच. पण आज पोरांनी त्यातून नुसतं घेतलं नाही, त्यात आपल्या गावचं काहीतरी ठेवलं.