शिकस्त

गोखिवऱ्याला आठवीत शिकत असताना माझी एक मराठीची वही होती. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला उर्दू अर्थ. किल्ला, फौज, तोफ हे शब्द तर घरचेच! मराठी फार सोपी आहे, असे मला वाटू लागले.

मग वसईच्या लढाईची हकीकत वाचली. सन १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. त्यात एक वाक्य होते, 'मराठ्यांनी प्रयत्नांची शिकस्त केली.' उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मी खुशाल उत्तर लिहिले, 'या लढाईत मराठे हरले.'

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "हरले, तर किल्ला त्यांना मिळाला कसा?" वर्गात हशा पिकला. माझे कान तापले.

घरी वही मिटून मी धडा पुन्हा वाचला. सुरुंग उडाले, म्हणून बुरूज ढासळला. बुरूज ढासळला, म्हणून पोर्तुगीजांनी तह केला. (हा 'तह' म्हणजेही तळ नव्हे, बरे का!) मग हरलेले कोण? शिकस्त म्हणजे पराकाष्ठा, हे मला शब्दकोशाआधी त्या हकीकतीनेच सांगितले.

आता मी मराठी शिकवतो. परवा एका मुलीने लिहिले, 'हरकत म्हणजे हालचाल.' मी तिला धड्यातले वाक्य मोठ्याने वाचायला लावले : 'काही हरकत नाही, असे म्हणून पाहुणे उठून चालू लागले.'

ती थबकली. "सर, हालचालच नाही, तर ते चालले कसे?"