एका गिटारीचा दाखला

धर्मगुरूच्या टेबलावर येणाऱ्या मागण्यांत सर्वांत मोठा वाटा दाखल्यांचा असतो. शाळाप्रवेश असो, पारपत्र असो वा विवाह, माणसे अखेर जुन्या नोंदवह्यांकडे वळतात. मी वही काढतो, क्रमांक शोधतो, उतारा लिहितो आणि शिक्का मारतो. पंचवीस वर्षांत असे किती दाखले दिले याची गणती नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र लातूरच्या आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी जो दाखला मागायला आली तो माणसाचा नव्हता, गिटारीचा होता.

मुलगी नांदेडला परिचारिकेचे शिक्षण घेते. दुसऱ्या वर्षाची फी थकली होती. घरात आजोबांची गिटार होती आणि मुंबईतील एका खरेदीदाराने ती घेण्याची तयारी दाखवली होती. जुन्या वाद्याला वर्षागणिक मोल चढते, म्हणून त्याची अट अशी की ते १९६१ सालचे असल्याचे चर्चच्या कागदावर लिहून आणावे. आजोबा नगर जिल्ह्यातील मिशन शाळेत मास्तर होते. "जर्मन फादरांनी त्यांना लग्नात भेट दिली होती. लग्नाची तारीख तिकडच्या वहीत असेलच, तिच्यावरून तुम्ही लिहून द्या," ती म्हणाली. मागणी साधी होती. शिवाय ही माणसे मी ओळखत होतो. मुलीचे वडील गवंडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर पुनर्वसनाच्या कामावर ते नगरहून इकडे आले आणि लातूरकर झाले. मीही त्या वेळी गुरुविद्यालयातून मदतकार्यासाठी आलो होतो. आमची पहिली भेट एका तंबूत, पिठल्याच्या पातेल्याशेजारी झाली.

गोधडीत गुंडाळलेले ते वाद्य मी उघडले तेव्हा माझी जुनी खोड जागी झाली. पुण्याला शिकत असताना मी गिटार वाजवीत असे आणि वाजविण्यापेक्षाही तिच्या पाठीवरचे, पोटातले आकडे वाचण्यात माझा वेळ अधिक जाई. हा एक छंदच आहे, आणि त्याचा नोंदवह्यांच्या कामाशी फार जवळचा संबंध आहे, असे माझे मत आहे. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १८९८ साली आपल्या गिटारींना क्रमांक द्यायला सुरुवात केली ती एकपासून नव्हे, आठ हजारांपासून. तोवर साधारण तेवढ्या गिटारी झाल्या असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे ज्या मालिकेवर आज जाणकार डोळे मिटून विश्वास ठेवतात तिचा आरंभ अंदाजाने झाला! पण त्यानंतर त्यांनी वही नीट ठेवली. त्याच मालिकेतील दहा लाखावी गिटार २००४ साली झाली आणि मधल्या बहुतेक सर्व क्रमांकांचे वर्ष सांगता येते. गिब्सनचे तसे नाही. १९६०च्या दशकात त्यांच्याकडे एकच आकडा अनेक वाद्यांवर पडला, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून वर्ष सांगणारा हमखास फसतो. १९७७ पासून त्यांनी आठ अंकी पद्धत आणली. पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष, मधले तीन अंक म्हणजे त्या वर्षाचा कितवा दिवस. ८०३४२ असा आरंभ असेल तर १९८२ सालचा चौतिसावा दिवस, म्हणजे ३ फेब्रुवारी. फेंडर कंपनीत क्रमांकाची पट्टी निराळी असे आणि ती मानेच्या मागे स्क्रूने बसवीत. कामगाराच्या हाताला पेटीतून जी पट्टी लागेल ती. तेथे आकड्यापेक्षा मानेच्या टोकाला पेन्सिलीने लिहिलेली तारीख अधिक खरी मानतात.

आमच्याकडेही हेच घडते. स्नानसंस्काराच्या वहीतील क्रमांक हा नोंदीचा क्रम असतो, जन्माचा नव्हे. जुन्या काळी फादर घोड्यावरून वाडीवस्त्यांचा दौरा करून येत आणि मग एकाच बैठकीत वीस नोंदी लिहीत. आठ वर्षांचा मुलगा पंधराव्या क्रमांकावर आणि आठ दिवसांचे बाळ चौदाव्यावर, असे मी पाहिले आहे. क्रमांक खोटे बोलत नाही, पण त्याला नेमके काय विचारायचे ते आपल्याला ठाऊक असावे लागते.

ही गिटार फ्रामूस या जर्मन कंपनीची होती. तिच्या डोक्याच्या मागे बारीक अक्षरांत पाच अंकी क्रमांक ठोकलेला होता आणि त्यापुढे "६४ डी". या कंपनीची त्या काळातील पद्धत सोपी होती. दोन आकडे वर्षाचे, अक्षर महिन्याचे. ए म्हणजे जानेवारी, डी म्हणजे एप्रिल. एप्रिल १९६४. १९६१ सालच्या लग्नात ही गिटार कोणी कोणाला देणे शक्यच नव्हते.

तरीही मी घाई केली नाही. डोके आणि मान एका वाद्याची, खोके दुसऱ्याचे, असे प्रकार होतात. नांदेडला एका बैठकीला जायचे होते, तेव्हा गिटार बरोबर घेतली. तेथे गुरुद्वाऱ्याच्या बाजूला हार्मोनियम आणि तबले दुरुस्त करणारा एक वृद्ध कारागीर आहे. त्याने आत छोटा दिवा सोडला, दंतवैद्याचा असतो तसला आरसा फिरवला आणि सतारीची भाषा वापरून निकाल दिला. दांडी याच खोक्याची, जोड कधी उघडलेला नाही. खुंट्या बदललेल्या. घोडी आपल्याकडच्या शिसवीची, मागाहून बसवलेली. मग त्याने माझे बोट धरून पडद्यांवर फिरवले. झीज होती, पण तीनच तारांखाली. "ह्या माणसानं बाकीच्या तीन तारा कधी लावल्याच नाहीत, फादर. तुणतुण्यासारखी धरली असंल भजनाला."

परतीच्या एसटीत गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मनात नको ते हिशेब चालले होते. तीन वर्षांचा तर फरक. खरेदीदार श्रीमंत, मुलगी गरजू. कोणाचे काय बिघडणार? असा विचार माझ्या मनात आला हे मी येथे लिहून ठेवतो. लोहा मागे पडेपर्यंत तो विचार माझ्याबरोबर होता.

नगर जिल्ह्यातील त्या धर्मग्रामाच्या फादरांना मी विवाहाचा उतारा मागितला होता. ते माझ्याहून काटेकोर निघाले. त्यांनी त्या कुटुंबाच्या सर्वच नोंदींचे उतारे पाठवले. विवाह, मे १९६१. गवंडीबाबांचा स्नानसंस्कार, १९६७. आणि त्या दोहोंमध्ये, ज्याची मला कल्पना नव्हती, ऑक्टोबर १९६४ मध्ये एका मुलाचा स्नानसंस्कार आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये त्याच मुलाचा दफनविधी. वय चार महिने.

हे मुलीला सांगावे की नाही, ते मला कळेना. दाखला गिटारीचा मागितला होता. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्याचे पाहून मी तिच्या आजीला भेटायला गेलो. आजी आता ऐंशीच्या घरात आहेत. मी आडून आडून विचारले, गिटार लग्नातलीच का?

"लग्नात फादरांनी जपमाळ दिली व्हती. ही बघा." त्यांनी गळ्यातली माळ पुढे केली. मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. "थोरला गेला तवा ह्यांनी बोलणंच सोडलं. शाळेत जायाचं, यायाचं, भिंतीकडं तोंड करून निजायाचं. फादर नुकतेच त्यांच्या मुलखातून आले व्हते. त्यांनी आपली सोताची पेटी आणून ह्यांच्या मांडीवर ठेवली. म्हणले, मास्तर, बोलू नका, पण वाजवा. पुढं पोरं झाली, ती विचारायची, ही कुठली? हे म्हणायचे, लग्नातली. मग मीबी तसंच म्हणू लागले."

"जर्मन फादर" बहुधा स्विस असावेत. पहिल्या महायुद्धात जर्मन येशूसंघीयांना पुणे मिशन सोडावे लागले आणि पुढे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय तेथे आले, पण गावांत जुने नाव टिकले. गिटार मात्र अस्सल जर्मन. तिचीही एक कथा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून हाकलल्या गेलेल्या जर्मनभाषक वाद्यकारागिरांची वस्ती बव्हेरियातील बुबेनरॉइट या खेड्यात वसवण्यात आली. १९४६ साली फ्रेड विल्फर यांनी काढलेली ही कंपनी तेथेच वाढली. नव्या वसाहतीतील घरांत बसून, घर गमावलेल्या माणसांनी ही वाद्ये केली. किल्लारीकडच्या नव्या गावांत विटा रचलेल्या गवंडीबाबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि विचारले, "त्यांना घरं किती खणांची दिली होती?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

आजींनी मला एकच प्रश्न केला. "त्या आकड्याला कसं कळलं वो?" मी वर्ष आणि महिना समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतले. नंतर म्हणाल्या, "विकायची तर विका, पोरीची फी हाय. पण थोरल्याचं नाव वहीत हाय म्हणता, ते एकदा वाचून दाखवा."

मी उतारा वाचला. क्रमांक, तारीख, मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, स्नानसंस्कार देणाऱ्याचे नाव. आईचे नाव आले तेव्हा त्या "हां" म्हणाल्या, जणू कोणी हजेरी घेत होते. मग मुलीलाही त्यांनीच सांगितले. मी तेथे नव्हतो.

दाखल्यात मी एवढेच लिहिले: वाद्यावरील खुणेनुसार निर्मिती एप्रिल १९६४, कुटुंबाकडे १९६५ पासून, खुंट्या व घोडी मूळच्या नाहीत. खरेदीदाराने किंमत थोडी पाडली आणि गिटार नेली. उरलेल्या फीची सोय कशी झाली, हा या लेखाचा विषय नाही. गिटार जाण्यापूर्वी मुलीने तो संपूर्ण क्रमांक, "६४ डी"सह, वहीच्या कागदावर उतरवून घेतला. परवा आजारी आजींना कम्युनियन द्यायला गेलो, तेव्हा त्यांच्या प्रार्थनापुस्तकात थोरल्याच्या उताऱ्याशेजारी तो घडी करून ठेवलेला दिसला.