प्रश्नचिन्हाचा ठोकळा

लेखनांतील सर्व चिन्हांमध्यें प्रश्नचिन्ह मला अधिक प्रिय असलें, तरी जगांत त्याला फारसा मान नाहीं. पूर्णविराम प्रतिष्ठित आहे, उद्गारचिन्ह लाडकें आहे. परंतु प्रश्नचिन्ह दिसलें कीं माणसें सावध होतात. कचेरींत अर्जाच्या समासांत तें उमटलें म्हणजे अर्जदाराच्या पोटांत गोळा उठतो, आणि वर्गांत शिक्षकाच्या मुद्रेवर तें दिसूं लागलें म्हणजे मागच्या बाकांवरील माना एकदम वह्यांत खुपसल्या जातात. या बदनाम चिन्हाला मानाची जागा देणारें एकच स्थळ माझ्या पाहण्यांत आलें. आणि तें एखादें विद्यापीठ नसून मुलांचा एक खेळ आहे, हें सांगतांना प्राध्यापक म्हणून मला थोडा संकोच वाटतो.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हें त्या खेळाचें नांव. जपानांतील क्योटो शहरच्या निन्टेन्डो या कंपनीनें तो १९८५ च्या सप्टेंबरांत बाजारांत आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे रचनाकार. मारिओ नांवाचा एक ठेंगणा, मिशाळ गृहस्थ पळवून नेलेल्या राजकन्येला सोडविण्यासाठीं डावीकडून उजवीकडे धांवत, उड्या मारीत निघतो, एवढेंच त्याचें कथानक. आठ जगें आणि प्रत्येक जगाचे चार प्रवेश, असा हा बत्तीस प्रवेशांचा पसारा अवघ्या चाळीस किलोबाइटांत बसविलेला आहे. आजच्या मोबाइलवर काढलेलें एखादें साधें छायाचित्रहि याहून कितीतरी अधिक जागा अडवितें. या टंचाईपायीं आकाशांतल्या ढगांना जी आकृति दिली, तीच जमिनीवरच्या झुडपांनाहि दिलेली आहे. फक्त रंग निराळा! परंतु मला लिहावयाचें आहे तें ढगांविषयीं नव्हे, ठोकळ्यांविषयीं.

मारिओच्या डोक्याच्या वर, उडी मारली असतां मूठ पोहोंचेल इतक्या उंचीवर, चौकोनी ठोकळे अधांतरीं राहिलेले असतात. कांहींवर ठळक प्रश्नचिन्ह असतें आणि तें लुकलुकत असतें. कांहीं साध्या विटा असतात. कांहीं ठोकळे इतके कठीण कीं कितीहि धडका मारा, त्यांचा टवका उडत नाहीं. त्यांनीं केवळ पायऱ्या होऊन राहावयाचें. आणि कांहीं तर डोळ्यांना दिसतच नाहींत. खालून ठोसा बसला कीं प्रत्येक ठोकळा आपापल्या स्वभावाप्रमाणें उत्तर देतो. त्या खेळाची सारी विद्या या उत्तरांत सांठविलेली आहे.

हा खेळ मीं प्रथम पाहिला तो १९९४ च्या उन्हाळ्याच्या सुटींत. मी नुकताच कॉलेजांत शिकवूं लागलों होतों, आणि अध्यापनशास्त्रावरचीं जाडजूड पुस्तकें मोठ्या श्रद्धेनें वाचीत होतों. त्या सुटींत ताईचा नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला तो एक यंत्र घेऊनच. मूळ जपानी यंत्राच्या नकला तेव्हां आपल्याकडे मिळूं लागल्या होत्या; टेलिव्हिजनला यंत्र जोडावें, वर कॅसेट खोंचावी, कीं झाला खेळ सुरू. बरोबर माहितीपत्रक नव्हतें, आणि असतें तरी त्यांतलें इंग्रजी त्याला वाचतां आलें नसतें. तरीहि कोठें उडी मारावी, कशाला भ्यावें, कशाच्या मागें धांवावें, हें सारें त्याला ठाऊक होतें.

"हें तुला कोणी शिकवलं?" मीं विचारलें.

"कोणी नाही, मामा. खेळताना कळतं," मान न वळवितां तो म्हणाला.

त्या उत्तरानें मी जरा चपापलों. कारण त्याला शिकविणारें कोणीतरी होतें, आणि तें इतक्या बेमालूमपणें शिकवीत होतें कीं शिकणाऱ्याला त्याचा पत्ताहि नव्हता.

पहिल्या प्रवेशाची सुरुवातच पाहा. एक प्रश्नचिन्हाचा ठोकळा एकटाच लुकलुकत असतो, आणि समोरून गूम्बा नांवाचा अळंब्यासारखा दिसणारा एक तपकिरी प्राणी चालत येतो. त्याचा स्पर्श झाला कीं मारिओ मरतो. नवखा माणूस पहिल्या खेपेस बहुधा येथेंच मरतो. पुढच्या खेपेस तो उडी मारावयास शिकतो. उडी मारतां मारतां ठोकळ्याला मूठ लागते, नाणें खणकन् वर उडतें, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे कांहीं वाईट नव्हे, एवढें त्याच्या मनावर ठसतें. लगेच पुढें विटा आणि प्रश्नचिन्हें यांची एक ओळ आहे. त्यांतल्या एका ठोकळ्यांतून खरोखरीचें अळंबें बाहेर पडतें, उजवीकडे घसरत जातें, नळावर आदळतें आणि उलट फिरून मारिओच्या अंगावर येतें. आतांच गूम्बानें मारलेलें असतें. तेव्हां हाहि शत्रूच, अशा समजुतीनें खेळाडू उडी मारून तें चुकवूं पाहतो. पण डोक्यावर विटांचें छत आहे! तेथें आपटून तो नेमका अळंब्यावरच येतो, आणि मरण्याऐवजीं दुप्पट मोठा होतो. ही सगळी योजना मुद्दाम केलेली होती, असें मियामोतो यांनीं पुढें मुलाखतींतून सांगितलें आहे. एकहि शब्द न उच्चारतां भय, धिटाई आणि विश्वास हे तिन्ही धडे येथें अर्ध्या मिनिटांत पुरे होतात. माझ्या त्या जाडजूड पुस्तकांत यासाठीं तीन प्रकरणें खर्ची पडलीं होतीं.

या विश्वासाची किंमत मला अधिक कळली ती याच खेळाच्या दुसऱ्या भागामुळें. तो १९८६ सालीं जपानांत निघाला. पहिल्या खेळांत जे तरबेज झाले त्यांच्यासाठीं तो बुद्ध्याच अवघड केलेला होता. त्यांत प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यांतून कधीं कधीं विषारी अळंबें बाहेर पडतें. खड्ड्यावरून झेंप घ्यावी तेथेंच एखादा अदृश्य ठोकळा आडवा येतो, आणि मारिओ डोकें आपटून खड्ड्यांत जातो. निन्टेन्डोच्या अमेरिकेंतील मंडळींना हा भाग फार कठीण वाटला, म्हणून त्या वेळीं तो तिकडे विकलाच गेला नाहीं. १९९३ सालीं तो निराळ्या नांवानें तिकडे पोहोंचला. निष्णातांनीं निष्णातांशीं केलेली थट्टा म्हणून हें ठीक आहे. परंतु ज्यानें आयुष्यांत प्रथमच मूठ उगारली आहे, त्याच्या हातावर विष ठेवणें ही थट्टा नव्हे. मी शाळेंत असतांना आम्हांला एक मास्तर होते. प्रश्न विचारून मुलाला उभें करावयाचें आणि त्याच्या उत्तरावर साऱ्या वर्गाला हंसवावयाचें, हा त्यांचा नित्यक्रम. दिवाळीच्या सुटीनंतर त्या वर्गांत हात वर करणारें एकहि मूल उरलें नव्हतें. १९८५ च्या खेळांत मात्र प्रश्नचिन्हानें कोणाचा घात केला, असें एकदांहि घडत नाहीं.

तथापि केवळ प्रश्नचिन्हांवर ठोसे मारीत जाणारा खेळाडू फार पुढें जात नाहीं. खुणेचा ठोकळा खुणेइतकेंच देतो. खरी गंमत विटांत आहे. मारिओ लहान असतांना विटेला धडक दिली तर ती किंचित् हलते, एवढेंच. मोठा झाल्यावर तीच वीट एका ठोशानें फुटते आणि पन्नास गुण मिळतात. पण फुटलेल्या विटेवर पुढें पाय ठेवतां येत नाहीं. अंगांत बळ आल्याच्या आनंदांत माणूस आपल्याच पायऱ्या मोडीत सुटतो, हें दृश्य खेळाच्या बाहेरहि आपण पाहतों. आणि कांहीं विटा तर दिसावयास इतर विटांसारख्याच, परंतु आंत नाण्यांचा सांठा असलेल्या. पहिला ठोसा मारला कीं एक नाणें निघतें. दुसरा मारला कीं दुसरें. मात्र त्या सांठ्याला कांहीं क्षणांची मुदत असते. तेवढ्या अवधींत जितके ठोसे, तितकीं नाणीं. अशी वीट कोणती, हें सांगणारी खूण बाहेर कोठेंहि नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांचें सारें लक्ष आज खुणेच्या ठोकळ्यांवर असतें. "सर, हें परीक्षेला आहे कां?" हा प्रश्न मी तीस वर्षें ऐकत आलों आहें. त्यांत मुलांचा दोष थोडा. बाजारांतल्या मार्गदर्शकांनीं 'महत्त्वाचे प्रश्न' निवडून त्यांवर तारे छापून ठेवलेले असतात. मग साध्या विटेवर मूठ कोण झिजवील? आणि शिक्षकाच्या बाजूनेंहि तेंच. चमकणारी पांचसहा मुलें त्याला पुरतात, बाकीची भिंत.

सहा-सात वर्षांपूर्वीं या भिंतींत बसणारा एक विद्यार्थी मला आठवतो. रोज पहाटे निघून एस्. टी. नें दोन तासांचा प्रवास करून तो येई, आणि अगदीं मागें बसे. वर्गांत त्यानें कधीं चकार शब्द काढला नाहीं. मी तेव्हां वर्ड्स्वर्थची 'मायकेल' ही कविता शिकवीत होतों. म्हाताऱ्या मेंढपाळाचा मुलगा शहरांत जाऊन बहकतो, आणि दोघांनीं मिळून बांधावयास घेतलेला मेंढरांचा दगडी वाडा अपुराच राहतो, अशी ती कथा. एके दिवशीं ग्रंथालयाच्या जिन्यावर तो समोरून आला, तेव्हां मीं सहज विचारलें, "काय रे, तो म्हातारा तुला पटला का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्या विहिरीचं बांधकाम तसंच राहिलंय, सर. दादा पुण्याला गेल्यापासून वडील तिकडं फिरकलेच नाहीत."

त्या कवितेवर मीं पुष्कळ टीकाग्रंथ वाचले आहेत. परंतु त्या जिन्यावर ती मला जितकी उमगली, तितकी पूर्वीं क्वचितच उमगली असेल. पुढचे दोन महिने तो रोज कांहींतरी घेऊन येत असे. कधीं एखादी शंका, कधीं गांवाकडची एखादी हकीकत, कधीं नुसतें एखादें वाक्य. मग परीक्षा आली, निकाल लागला, आणि नोकरीच्या शोधांत तो निघून गेला. त्या सांठ्याला मुदत असते, असें वर म्हटलें आहे तें याचसाठीं.

या खेळाबरोबर येणाऱ्या मूळ माहितीपुस्तिकेंत एक कथा दिलेली आहे. अळंब्यांचें राज्य शत्रूनें जादूनें जिंकलें, आणि तेथील शांत, निरुपद्रवी प्रजेचे दगड आणि विटा करून टाकल्या. पन्नास गुणांसाठीं आपण जी वीट फोडतों, ती एके काळीं कोणीतरी होती! खेळणाऱ्या मुलांना हें बहुधा ठाऊक नसतें, आणि नसलेलेंच बरें. पण शिक्षकानें तें विसरूं नये. जी भिंत म्हणून समोर दिसते, तींत नुसती वीट अशी एकहि नसते.

अदृश्य ठोकळ्यांविषयीं सांगावयाचें राहिलें. पहिल्याच प्रवेशांत, पहिल्या खड्ड्याच्या थोडें अलीकडे, मोकळ्या आकाशांत असा एक ठोकळा आहे. तेथें उडी मारण्याचें कांहींएक कारण नाहीं. तरीहि ज्याला उगीचच उडी मारण्याची बुद्धि होते, त्याला तेथें एक जादा जीव मिळतो. खेळांतलें हें मोठें दान ज्यावर खूण नाहीं, आकार नाहीं, अशा जागीं ठेवण्यांत रचनाकारांनीं जो विश्वास दाखविला आहे, तो मला फार मोठा वाटतो. निष्कारण कुतूहलाचें कोणीतरी स्वागत करीत आहे, असें जग मुलांना निदान खेळांत तरी भेटतें.

आणि हें सारें करावयाचें तें जातां जातां. या खेळांत पडदा उजवीकडेच सरकतो. डावीकडे गेलेला भाग पुन्हां पाहतां येत नाहीं. जो ठोकळा मागें राहिला, तो त्या फेरीपुरता कायमचा राहिला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाहीं.

माझ्या निवृत्तीला आतां चार वर्षें उरलीं आहेत. अलीकडे माझें लक्ष त्या लुकलुकणाऱ्या ठोकळ्यांपेक्षां त्यांच्या नंतरच्या अवस्थेकडे अधिक जातें. आंतलें एकदां देऊन झालें कीं प्रश्नचिन्ह मावळतें आणि ठोकळा निस्तेज होतो. पुन्हां कितीहि ठोसे मारा, त्यांतून कांहीं निघत नाहीं. परंतु तो खालीं पडत नाहीं, कीं फुटतहि नाहीं. पहिल्या प्रवेशांतल्या त्या ओळीच्या वर, उंचावर, आणखी एक प्रश्नचिन्ह लुकलुकत असतें. जमिनीवरून तेथें हात पोहोंचत नाहीं. खालच्या ओळीवर, म्हणजे त्या रिकाम्या झालेल्या ठोकळ्यांवर आणि उरलेल्या विटांवर चढून उडी घेतली, म्हणजे पोहोंचतो.